अर्थतज्ज्ञ राष्ट्राध्यक्षाचा चरित्रलेख कसा लिहावा : एलेन जॉन्सन सरलीफ यांचे उदाहरण

अर्थशास्त्राची व्यक्ती देशाच्या सर्वोच्च पदावर पोहोचली की तिच्यावरचे बहुतेक लेख पदव्या, पुरस्कार आणि ‘पहिली महिला’ अशा बिरुदांतच संपतात. २००६ ते २०१८ या काळात लायबेरियाच्या अध्यक्ष असलेल्या एलेन जॉन्सन सरलीफ यांच्याबाबतीत हे विशेष घडले आहे. आफ्रिकेतील पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्राध्यक्ष आणि २०११च्या शांतता नोबेलच्या एक मानकरी, एवढे सांगून लेखक मोकळा होतो. असा लेख लिहायचा असेल, तर सरकारी हिशेब हा त्याचा मुख्य धागा धरावा असे माझे मत आहे.

आरंभी पदाचे अधिकार तपासून घ्यावेत. इटलीचे लुईजी एइनाउदी हेही अर्थतज्ज्ञ होते. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नरपद भूषवून ते १९४८ ते १९५५ या काळात राष्ट्राध्यक्ष झाले, परंतु तेथे दैनंदिन कारभार पंतप्रधानांकडे होता. आपले डॉ. मनमोहन सिंग सरकारचे प्रमुख होते, राष्ट्रप्रमुख नव्हते. लायबेरियात मात्र राष्ट्राध्यक्ष हाच सरकारचा प्रमुख असतो, त्यामुळे तिजोरीच्या यशापयशाचा जाब सरलीफ यांना थेट विचारता येतो.

मग कागदावर दोन रकाने आखावेत. एकात व्यक्तीची वर्षे लिहावीत, दुसऱ्यात देशाची. सरलीफ यांचा जन्म १९३८ साली मन्रोव्हियात झाला, सतराव्या वर्षी लग्न झाले आणि हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र व लोकप्रशासन हे विषय त्या पुढे टप्प्याटप्प्याने शिकल्या. हार्वर्डची पदव्युत्तर पदवी त्यांना १९७१ साली मिळाली. त्या सिद्धान्त मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ नव्हत्या, खजिना आणि बँक सांभाळणाऱ्या प्रशासक होत्या. हे लेखात स्पष्ट लिहावे, म्हणजे त्यांच्याकडून नव्या आर्थिक विचारसरणीची अपेक्षा वाचक करणार नाही.

दुसऱ्या रकान्यात एप्रिल १९७९ची नोंद हवी. तांदळाचे भाव वाढवण्याच्या प्रस्तावावरून मन्रोव्हियात दंगली उसळल्या, आणि त्याच वर्षी सरलीफ अर्थमंत्री झाल्या. १२ एप्रिल १९८० रोजी लष्करातील सार्जंट सॅम्युएल डो यांनी सत्ता बळकावली, राष्ट्राध्यक्ष टोलबर्ट मारले गेले आणि काही दिवसांतच तेरा उच्चपदस्थांना समुद्रकिनाऱ्यावर गोळ्या घालण्यात आल्या. ज्या मोजक्या मंत्र्यांचा जीव वाचला त्यांत सरलीफ होत्या. हे दोन रकाने शेजारी ठेवल्यावर पहिला अवघड प्रश्न आपोआप समोर येतो : ज्या राजवटीविरुद्ध असंतोष धुमसत होता, तिच्या त्या अर्थमंत्री होत्या, मग त्यांना केवळ सुधारक म्हणून रंगवणे कितपत योग्य आहे? १९७२ साली एका भाषणात त्यांनी सरकारवर टीका केली होती हेही तेथेच नोंदवावे आणि निवाडा वाचकावर सोपवावा.

परागंदा काळावर फार शब्द खर्ची घालू नयेत. नैरोबीत सिटीबँकेतील नोकरी, १९८५ साली राजद्रोहाच्या आरोपावरून झालेली दहा वर्षांची शिक्षा व त्यानंतरची सुटका, १९९२ ते १९९७ संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या आफ्रिका विभागाचे संचालकपद, आणि १९८९च्या बंडाने देशात यादवी युद्ध पेटवणाऱ्या चार्ल्स टेलर यांच्याकडून १९९७च्या निवडणुकीत झालेला मोठा पराभव, इतके पुरे. मात्र या वर्षांत कर्ज देणाऱ्यांची रीत त्यांना आतून कळली, हा दुवा सोडू नये, कारण पुढचा सर्वांत महत्त्वाचा भाग त्यावर उभा आहे.

तो भाग कर्जमाफीचा. लेखाचा मोठा हिस्सा येथेच द्यावा. १६ जानेवारी २००६ रोजी त्यांनी शपथ घेतली तेव्हा देशाचा वार्षिक अर्थसंकल्प जेमतेम आठ कोटी डॉलरचा होता आणि परकीय देणे सुमारे ४९० कोटी डॉलरचे. हप्ते वर्षानुवर्षे थकलेले असल्याने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून नवे कर्ज मिळण्याची वाट बंद होती. येथे यंत्रणा समजावून सांगावी. आधी नाणेनिधी, जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांची थकबाकी निकाली काढायची, मग ठरलेल्या अटी पाळत काही काळ कारभार करून दाखवायचा, आणि त्यानंतरच अंतिम माफी मिळायची. लायबेरियाने पहिला टप्पा मार्च २००८मध्ये आणि अंतिम टप्पा जून २०१०मध्ये गाठला. खासगी सावकारांचे सुमारे १२० कोटी डॉलरचे देणे २००९ साली डॉलरमागे तीन सेंट देऊन मिटवण्यात आले. दरम्यान सरकारने हाती जेवढी रोकड असेल तेवढाच खर्च करण्याचा नियम पाळला.

या यशाचे श्रेय वाटून लिहावे. जागतिक बँकेतून आलेल्या अर्थमंत्री अँटोइनेट सायेह यांचा त्यात मोठा वाटा होता. महत्त्वाच्या सरकारी संस्थांतील खर्चावर परदेशी तज्ज्ञांची सही लागावी अशी व्यवस्था तर आधीच्या हंगामी सरकारनेच २००५ साली मान्य केली होती. उलट, त्याच हंगामी सरकारने मित्तल स्टीलशी केलेला लोहखनिजाचा करार सरलीफ यांनी पुन्हा वाटाघाटीला घेतला आणि २००६च्या अखेरीस तो बदलून घेतला. भारतीय वाचकाला या तपशिलाशी लगेच नाते सांगता येईल. तसेच भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतून २००७पासून लायबेरियात तैनात होती, हेही एका वाक्यात येऊ द्यावे.

वाढीचे आकडे देताना सावध राहावे. १९८७ ते १९९५ या काळात लायबेरियाचे राष्ट्रीय उत्पन्न नव्वद टक्क्यांहून अधिक घसरले होते. इतक्या खोल गर्तेतून वर येताना वार्षिक दर मोठा दिसणारच, म्हणून दराशेजारी युद्धापूर्वीची पातळी लिहिल्याशिवाय तो छापू नये. २०१४ साली लोहखनिजाचे भाव कोसळले आणि इबोलाने एकट्या लायबेरियात ४,८००हून अधिक बळी घेतले, तेव्हा ही वाढ जवळजवळ थांबली. मन्रोव्हियातील वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती ऑगस्टमध्ये सक्तीने बंद करण्याचा आणि दहा दिवसांनी तो आदेश मागे घेण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतील वादग्रस्त निर्णयांपैकी एक आहे.

हिशेबात न मावणाऱ्या गोष्टींना स्वतंत्र परिच्छेद द्यावा. त्या तळटीपेत ढकलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. टेलर यांच्या बंडाला सुरुवातीला दिलेल्या पाठिंब्यामुळे, यादवी युद्धाची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन व सलोखा आयोगाने २००९ साली सरलीफ यांना तीस वर्षे सार्वजनिक पदापासून दूर ठेवण्याची शिफारस केली. पाठिंब्याची कबुली आणि खेद त्यांनी आयोगापुढे व्यक्त केला होता; पुढे सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. एकच कार्यकाळ घेण्याचे म्हटले असूनही २०११ साली त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि विरोधकाने बहिष्कार टाकलेल्या दुसऱ्या फेरीत निवडून आल्या. त्यांचे एक पुत्र मध्यवर्ती बँकेचे उपगव्हर्नर होते, दुसरे राष्ट्रीय तेल कंपनीच्या अध्यक्षपदी. मालमत्ता जाहीर न केल्याबद्दल २०१२ साली निलंबित झालेल्या अधिकाऱ्यांत त्या उपगव्हर्नरांचाही समावेश होता, म्हणजे नेमणूक आणि कारवाई या दोन्ही बाजू नोंदीत आहेत, दोन्ही लिहाव्यात.

साधने वापरताना त्यांचे आत्मचरित्र भावना आणि हेतू यांसाठी वाचावे, रकमा नाणेनिधीच्या अहवालांतून घ्याव्यात, आणि युद्धकाळासाठी आयोगाचा अहवाल उघडावा. या तिन्हींत जेथे मेळ बसत नाही, तेथे लेखकाने मधला मार्ग न काढता कोण काय म्हणते ते नावानिशी द्यावे.

लेख जानेवारी २०१८पर्यंत आणून थांबवावा. सरलीफ यांनी जॉर्ज विआ यांच्याकडे सत्ता सोपवली. १९४४नंतर एका निर्वाचित अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे झालेले ते पहिलेच शांततामय सत्तांतर होते. त्याच महिन्यात, पक्षाच्या उमेदवाराला पुरेसा पाठिंबा दिला नाही या आक्षेपावरून, त्यांच्या युनिटी पार्टीने त्यांना पक्षातून काढून टाकले.