पोरींनो, छातीत गाठ लागली तर

कोल्हापुरात राजारामपुरीत मी एकोणीस वर्षं ब्लाउज शिवते. ट्रायल घेताना पोरी आईला न सांगितलेलं मला सांगतात. गेल्या श्रावणात कॉलेजच्या एका मुलीनं माझा हात धरून मुंढ्याजवळ नेला. "काकी, इथं काहीतरी लागतंय." दोन महिने तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मीही तेविसाव्या वर्षी चार महिने गप्प होते, कारण घरात स्थळं बघणं चाललं होतं. हळद-तुरटीचा लेप लावला. गाठ होती तिथंच राहिली. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आधी हात कसा लावायचा ते. कापडातली गाठ नखानं कळत नाही, बोटांच्या पेरांनी कळते. उताणं झोपा, एक हात डोक्याखाली घ्या, दुसऱ्या हाताची तीन बोटं सपाट ठेवून बारीक गोल फिरवत गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत या. काख सोडू नका, स्तनाचा भाग मुंढ्यापर्यंत असतो. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात बघितलेलं बरं. पाळीच्या आधी छाती जड होते, ठणकते, गठुळ्या लागतात. दोन्हीकडं तसंच असेल आणि पाळी आल्यावर उतरत असेल, तर घाबरू नका.

एका बाजूला वेगळी गाठ लागली, तर एक पाळी जाऊ द्या. तरीही ती तिथंच असेल तर डॉक्टरकडं जा.

तिशीच्या आतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. माझी फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाली, म्हणजे गुळगुळीत, रबरासारखी, बोटाखालून सुळकन सरकणारी. साधारण दोन सेंटिमीटरची. पण हाताला गुळगुळीत लागली म्हणून साधीच, असं घरी ठरवायचं नाही. ते तपासणीनं ठरतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र पाळीची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात जायचं: गाठ कडक, वेडीवाकडी, जागची न हलणारी. कातडीला खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं. आधी नीट असलेलं बोंड आत ओढलं जाणं, किंवा एकाच बोंडातून रक्तासारखं पाणी. काखेत गाठ. बाळंतिणीला लाल, गरम, दुखरी गाठ आणि ताप आला तर बहुधा दूध साठून जंतू झालेले असतात, पण औषधानं उतरलं नाही तर परत दाखवायचं. गरोदर असताना लागलेली गाठही "दुधाची असेल" म्हणून सोडायची नाही. आई, बहीण, मावशी किंवा आत्याला कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो.

मला पहिल्या डॉक्टरांनी हातही न लावता सांगितलं, "लग्नानंतर जाईल." तुम्हाला कुणी असं म्हटलं तर स्पष्ट विचारा, "तपासून बघता का? सोनोग्राफी लिहून देता का?" तरुण वयात सोनोग्राफीच आधी करतात. स्तन घट्ट असल्यानं मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, सगळं पांढरं दिसतं, पांढऱ्या कापडावर पांढरा धागा शोधावा तसं. मग गरज वाटली तर सुईनं नमुना घेतात. सुईनं साधी गाठ कॅन्सरची होत नाही. या भीतीनं बायका घरी बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. माझी गाठ काढली नाही, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी केली, तेवढीच होती. वाढत असेल किंवा मोठी असेल तर काढतात.

कुठं जायचं? स्त्रीरोगतज्ज्ञ चालतील, सर्जन चालतील. पैशाची अडचण असेल तर टाऊन हॉलजवळच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत बसा. बाई डॉक्टर हव्यात असं सांगायला लाजू नका. सोबत कुणीतरी न्या. गाठ कधी लागली आणि शेवटची पाळी कधी आली, ते चिठ्ठीवर लिहून न्या. आणि शिवणारी म्हणून सांगते, पुढून बटणं असलेला कुर्ता घाला, कमरेवरचं सगळं काढून बसावं लागत नाही. त्या मुलीला मी तसाच एक शिवून दिला होता. ती तो घालून आईबरोबर गेली.