विमानात डेटा लॉगर बसवताय? आधी या चुका टाळा

सोयाबीन निघून वावरं मोकळी झाली, की यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातली आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानवाली पोरं जागी होतात. पूर्वी प्रश्न असायचा, "काका, विमान डावीकडे काहून वळते?" आता असतो, "काका, स्पीड किती आला ते कसं पाहायचं?" प्रश्न चांगला आहे. त्यासाठी विमानात डेटा लॉगर, म्हणजे उडताना सेन्सरचे आकडे कार्डावर लिहिणारी पेटी, बसवतात. आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, दाबासाठी बीएमपी२८०, हालचालीसाठी एमपीयू६०५०, निओ-६एम जीपीएस, एसडी कार्डाचं मॉड्यूल आणि वेगासाठी पंखावर समोरची हवा घेणारी पिटो नळी, एवढं सामान कुरिअरनं गावात येतं. कोड कुठून तरी उचलतात. संध्याकाळी लॅपटॉपवर ग्राफ दिसला की काम झालं असं समजतात.

ग्राफ तर दिसणारच. सेन्सर टेबलावर नुसता पडून असला तरी ग्राफ येतो.

पाच व्होल्ट म्हणजे पाचच, असं धरून चालणं

पॉलिटेक्निकचा एक पोरगा वैतागून आला होता. विमान वावरात उभं, मोटार बंद, पान हलेल एवढाही वारा नाही, आणि कार्डावर वेग ताशी ३२ किलोमीटर. तोही सलग नाही, मध्येच उसळायचा आणि परत शून्यावर यायचा. त्यानं तोवर पिटोची नळी बदलली होती, सेन्सर दुसरा मागवला होता, आणि तिसरा मागवायच्या तयारीत होता. मी म्हटलं, "ट्रान्समीटर घे अन् एलिव्हेटर, शेपटीची आडवी फळी, हालव." स्टिक हलली की वेग उसळला, सोडली की शून्य.

"आता सांग बाबू, वारा कोण घालून राह्यलं?"

पिटो नळी वेग मोजत नाही, दाबातला फरक मोजते. नळीला जोडलेला एमपीएक्सव्ही७००२डीपी हा दाबाचा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, दाब शून्य असताना पुरवठ्याच्या निम्मं म्हणजे २.५ व्होल्ट देतो आणि पुढे एका किलोपास्कलला एक व्होल्ट. सेकंदाला १० मीटर वेग असला तरी दाब फक्त ६१ पास्कल, म्हणजे ०.०६ व्होल्टचा खेळ. सर्व्हो (फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी) हलले की ईएससीच्या, म्हणजे मोटारीच्या वेग-नियंत्रकाच्या, बीईसीवर (त्यातल्या ५ व्होल्ट पुरवणाऱ्या भागावर) ताण येतो आणि ५ चे ४.९ होतात. सेन्सर त्याच्या निम्मे, २.४५ देतो. कोड समजतो, दाब उणे ५० पास्कल. उण्याचं वर्गमूळ निघत नाही, म्हणून ज्यानं कुणी तो कोड लिहिला त्यानं उण्याचं चिन्हच पुसून टाकलं होतं. ५० पास्कलचं उत्तर येतं सेकंदाला ९ मीटर. झाले ताशी ३२.

खरी गंमत पुढे आहे. आधी तो पोरगा सेन्सरचे व्होल्ट नॅनोच्या स्वतःच्या १० बिटांवर, म्हणजे ५ व्होल्टच्या १०२४ पायऱ्या करून, मोजत होता. तिथं मोजमापाचा आधारही तेच ५ व्होल्ट, त्यामुळे सेन्सर आणि आधार एकदमच खाली जायचे आणि चूक आपोआप कटायची. मग त्याला कुणी तरी सांगितलं, १६ बिट घे, अचूक येते. एडीएस१११५ ही व्होल्ट मोजणारी १६ बिटांची चिप आली. तिचा आधार आतला आणि पक्का; तो जागचा हलत नाही, सेन्सर मात्र हलतो. १६ बिट घेणं चूक नव्हतं. १० बिटांत एक पायरी जवळपास ५ पास्कलची, म्हणजे १० मीटरच्या वेगाला जेमतेम बारा पायऱ्या. पण वस्तू बदलली की तिच्याबरोबर काय काय बदललं हे पाहायला दहा मिनिटं बसावं लागतं, आणि तेवढा दम कुणात नाही.

माझी सवय सांगतो. एडीएस१११५ ला चार चॅनल आहेत. एकावर सेन्सर, दुसऱ्यावर थेट ५ व्होल्टची वायर, आणि प्रत्येक नोंदीत दोन्ही आकडे. सेन्सरचा आकडा भागिले ५ व्होल्टच्या वायरचा आकडा, हा भागाकार घरी. लॉगरला वेगळा छोटा रेग्युलेटर देतो, ग्राउंड मात्र सगळ्यांचा एकच. आणि कार्डावर वेग लिहीतच नाही. कच्चे आकडे लिहितो, उण्याच्या चिन्हासकट. हिशेब चुकला तर परत करता येतो, पुसलेलं चिन्ह परत आणता येत नाही.

हिशेब घरी करायचं आणखी एक कारण आहे. सगळ्या कोडमध्ये हवेची घनता १.२२५ लिहिलेली असते. ती समुद्रसपाटीवरची, १५ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांना ती १.०५ च्या जवळ असते. दाब तोच, पण खरा वेग सात-आठ टक्क्यांनी जास्त. कोडला यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा माहीत नाही.

हे सगळं झाल्यावर पिटो मोटारसायकलवर तपासा. पहाटे, वारा नसताना, सरळ रस्त्यावर, नळी काठीनं पुढे काढून. चालवणारा एक, आकडे पाहणारा दुसरा. जाताना आणि येताना दोन्ही वेळा जीपीएसशी ताडून सरासरी घ्या. एकाच बाजूनं गेलात तर वारा मोजाल.

सकाळचा शून्य दुपारी वापरणं

बीएमपी२८० उंची मोजत नाही, दाब मोजतो, आणि दाब दिवसभर एका जागी राहत नाही. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास तो वर असतो, दुपारी चारच्या सुमारास खाली. आभाळ निरभ्र असलं तरी फरक ३-४ हेक्टोपास्कलचा, आणि एका हेक्टोपास्कलला साधारण साडेआठ मीटर उंची. सकाळी घरी शून्य करून चार वाजता वावरात गेलात, तर विमान धुऱ्यावर उभं राहूनच पंचवीस-तीस मीटर उंच उडत असतं. ड्रोन नियमांतल्या ग्रीन झोनमध्ये (उडवायला परवानगी लागत नाही अशा भागात) १२० मीटरची मर्यादा आहे, तिथं ही चूक थट्टेची नाही. शून्य प्रत्येक उड्डाणाच्या आधी, जागेवरच. उतरल्यावरही मिनिटभर लॉगर चालू ठेवा. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा जुळत नसेल तर मधल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा ते तिथंच कळतं.

सेन्सर फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) उघडा ठेवू नका. पुढच्या भोकातून थंडाव्यासाठी घेतलेली हवा आत कोंडली, की सेकंदाला १५ मीटर वेगात दहा-बारा मीटरपर्यंत उंची कमी दिसू शकते. वर स्पंजचा तुकडा लावा, ऊन आणि वाऱ्याचा झोत दोन्ही अडतात. फ्यूजलाजच्या बाजूला, जिथं हवा सरळ घासून जाते तिथं, बारीक भोक पाडून त्यातून नळी सेन्सरपर्यंत आणली तर उत्तम.

फाइल उघडी ठेवून उडणं

विमान शेंगा भरलेल्या तुरीत पडलं. दिवस मावळेपर्यंत तिघं शोधत होते, आणि तुरीचा मालक जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. विमान सापडलं, कार्ड शाबूत, फाइल शून्य बाइट. विमान का पडलं हे सांगणारी एकच वस्तू होती आणि तिच्यात काहीच नव्हतं. आदळताना बॅटरीचा कनेक्टर सुटला. फाइल बंद झालेली नव्हती, म्हणून तिची लांबी कार्डाच्या यादीत चढलीच नव्हती. कोडमध्ये बंद करायची सोय होती, पण ती बटण दाबल्यावर. पडणारं विमान बटण दाबत नाही.

दर सेकंदाला एकदा फ्लश करा, म्हणजे तोवरच्या नोंदी कार्डावर पक्क्या करा; गेलं तर एक सेकंद जाईल. प्रत्येक ओळीला फ्लश करू नका. कार्ड लिहिताना मध्येच १०० मिलिसेकंद अडकू शकतं, आणि नॅनोचा सिरीयल बफर, म्हणजे जीपीएसकडून आलेली अक्षरं थांबतात ती जागा, ६४ बाइटची. जीपीएसच्या ९६०० बॉडच्या वेगानं ती ६७ मिलिसेकंदांत भरते आणि जीपीएसचं वाक्य अर्धवट तुटतं. वाक्याच्या शेवटचा चेकसम (वाक्य पूर्ण आलं का ते दाखवणारा पडताळणीचा आकडा) तपासल्याशिवाय ते कार्डावर घेऊच नका. मी तर लॉगरला स्वतःची छोटी बॅटरी देतो. वजन वाढतं, वाढू द्या.

बाकीच्या चुका

एमपीयू६०५० सुरू होताना ±२ जी वर असतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीपर्यंतच मोजतो. एका लूपमध्ये (हवेत उभ्या गोल फेरीत) ग्राफ वर जाऊन त्या मर्यादेवर सपाट होतो आणि पोरं म्हणतात, "किती स्मूथ आला!" ±८ किंवा ±१६ वर ठेवा.

दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला ८००० फेऱ्या मारत असेल तर सेकंदाला २६७ ठोके बसतात. सेकंदाला ५० वेळा मोजून ते पकडता येत नाहीत, उलट खोट्या संथ लाटा दिसतात. सेन्सरमधला फिल्टर २१ हर्ट्झवर लावा, खाली दुहेरी फोमची पट्टी द्या. विमान खाटेच्या पायाला बांधून, सगळी माणसं प्रोपेलरच्या मागे उभी करून, आधी जमिनीवर एक लॉग घ्या. हा लॉग ज्याच्याकडे नाही त्याचा उड्डाणाचा ग्राफ मी पाहत नाही.

एसडी कार्डाला नॅनोच्या ३.३ व्होल्ट पिनवरून पुरवठा देऊ नका, पुरत नाही.

जीपीएसला आकाश दिसलं पाहिजे. कार्बनच्या पंखाखाली दिसत नाही.

टिनाच्या शेडमध्ये विमान टांगून ठेवत असाल तर पिटोला पेनचं टोपण घाला. कुंभारीण माशी आठवड्याभरात नळी चिखलानं बंद करते, आणि टोपण काढायचं विसरलात तरी वेग शून्यच दिसतो, म्हणून टोपणाला लाल फीत बांधा.

ब्रेडबोर्डच्या सुट्या वायरी घालून उडवू नका. सोल्डर करा, वर गरम गोंदाचा थेंब टाका, आणि सगळं बसवून झाल्यावर सीजी (विमानाचा तोल साधतो तो बिंदू) परत पाहा.