सायकलचं हँडल पोटात लागलं आणि नंतर हिरव्या उलट्या सुरू झाल्या, तर काय करायचं

पार्किंगच्या उतारावरून पोरं सायकल सुसाट सोडतात, चाक वळतं आणि हँडलचं टोक बरोब्बर बेंबीच्या वर बसतं. वरून एक गोल निळसर डाग, बस. मी सर्जरी वॉर्डात ब्रदर आहे, असली पोरं त्याच दिवशी क्वचितच येतात. एक-दोन दिवस जातात, मग पोट दुखतं, खाल्लेलं टिकत नाही, आणि घरचे म्हणतात पाणीपुरी बाधली.

होतं काय, जठरानंतर आतड्याचा पहिला साधारण २५ सेंटीमीटरचा भाग, ड्युओडेनम, मागे पाठीच्या कण्याला चिकटून असतो. बाकीचं आतडं मार लागला तर सरकतं, हा अडकलेला, त्यामुळे हँडल आणि मणक्याच्या मध्ये चेंगरतो. त्याच्या भिंतीत रक्त साकळतं, गाठ हळूहळू फुगते आणि रस्ता बंद होतो. मोठ्या माणसांना हेच स्टीअरिंग किंवा सीटबेल्टने होतं.

हिरवी उलटी म्हणजे पित्त, तेव्हा घरी थांबायचं नाही. पाणी, इलेक्ट्रॉल, गॅसची गोळी, ब्रुफेन काहीच देऊ नका, पोटाला तेल चोळू नका. १०८ लावा नाहीतर रिक्षा करा, मुंबईत सायन, केईएम, नायर, कूपर जे जवळ असेल ते, परळचं वाडिया तर लहान मुलांचंच आहे. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य "उलट्या होतायत" नको, "हँडल लागलं होतं, अमुक दिवशी" असं सांगा, नाहीतर गॅस्ट्रोच्या लायनीत जाल. एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची नोंद, होईल, प्रश्न विचारतील, रागावू नका. अगदी लहान बाळ असेल आणि मार कसा लागला ते नीट सांगता येत नसेल तर कोणी मारलंय का हेही बघावंच लागतं.

मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, देऊन सिटी स्कॅन. त्यात मुख्य बघायचं असतं ते आतडं फाटलंय का. हवा किंवा कॉन्ट्रास्ट बाहेर गळलेलं दिसलं तर ऑपरेशन, तिथे वाट बघत नाहीत. शेजारच्या स्वादुपिंडाला मार आहे का त्यासाठी अमायलेज, लायपेज या रक्ताच्या तपासण्या.

नुसती गाठ असेल तर बहुतेक वेळा चिरफाड लागत नाही, आणि नातेवाईकांना नेमकं हेच पटत नाही, नुसतं झोपवून ठेवलंय म्हणतात. पेशंट एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीच नाही, नाकातून जठरात राइल्स ट्यूब, सलाईन. त्या नळीच्या पिशवीत जे हिरवं पाणी जमतं ते आम्ही प्रत्येक शिफ्टला मोजून लिहितो कारण सगळा हिशोब त्याच्यावर, किती आलं, गडद का फिकट, आणि तेवढं सलाईनमधून भरून द्यायचं, पोटॅशियमही तपासायचं. आणि इथेच आजी हळूच शहाळ्याचे दोन घोट पाजते, पोरगं भुकेनं रडतंय बघवत नाही म्हणून, रात्री पिशवी परत भरते आणि राऊंडला सगळे गप्प! आजी, पाजायचंच तर आधी मला विचारा. पोषण बंद नसतं, शिरेतून टीपीएन, म्हणजे पूर्ण पोषणाचं सलाईन, देतात किंवा गाठीच्या पुढे नळी सरकवून त्यातून फीड.

वेळ साधारण एक ते तीन आठवडे. मधे ताप, पोट लाकडासारखं कडक, नाडी वाढणं, हिमोग्लोबिन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा घरात हिमोफिलिया असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा.

पिशवीत कमी यायला लागलं आणि सोनोग्राफीत गाठ लहान दिसली की नळी निघते, मग पाण्याचे घोट, मग पातळ पेज, मग मऊ भात. दोन-तीन आठवड्यांनीही रस्ता उघडला नाही तर सुईने किंवा दुर्बिणीतून साकळलेलं रक्त काढतात. घरी गेल्यावर सायकल, क्रिकेट कधी सुरू करायचं ते सर्जनला विचारूनच, आणि परत हिरवी उलटी झाली तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत या, डिस्चार्ज कार्ड आणि सिटीची फिल्म घेऊन.