कराटे टूर्नामेंटची फिल्म करताय? आधी या चुका टाळा

दर उन्हाळ्यात दोन-चार पोट्टे हार्डडिस्क घेऊन माझ्याकडे येतात. गोष्ट बहुतेक तीच असते. आठ फायटर, एक ट्रॉफी, काळ्या ड्रेसातला व्हिलन आणि फायनलला हिरोच्या तळहातातून निघणारा निळा गोळा. वाक्यही तेच: "दादा, शूट झालंय, इफेक्ट तुम्ही पोस्टमध्ये टाकून द्या ना." गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. 'एंटर द ड्रॅगन' १९७३ मध्ये आला, तेव्हापासून हा साचा जगभर चालतोय. कमी पैशात भरपूर मारामारी दाखवायला याहून चांगली सोय नाही, एक हॉल घ्यायचा, एक मॅट टाकायची आणि जोड्या बदलत राहायच्या. राग येतो तो त्या 'पोस्टमध्ये'चा, म्हणजे शूटनंतर कॉम्प्युटरवर सगळं होईल या भरवशाचा.

निळा गोळा हवेत, चेहरा अंधारात

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. हिरो रिकामे हात पुढे करतो, नंतर कॉम्प्युटरवर तिथे चमकता गोळा चिकटवला जातो. पण हिरोच्या हनुवटीवर, पांढऱ्या ड्रेसवर, समोरच्याच्या कपाळावर त्या गोळ्याचा उजेड पडतच नाही. एवढा तेजस्वी गोळा आणि चेहरा ट्यूबलाइटचाच! बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटं आहे हे त्याला लगेच कळतं.

माझी सवय अशी: बॅटरीवर चालणारा छोटा एलईडी बल्ब निळ्या जिलेटीन पेपरात गुंडाळून हिरोच्या तळहातात द्यायचा. वायर बाहीतून आत. हॉलचे अर्धे दिवे बंद. शॉटमध्येच गालाखाली, बोटांच्या फटीतून खरा निळा उजेड उतरतो. पोस्टमध्ये मग एकच काम उरतं, बल्बवर गोळा बसवायचा.

गोळासुद्धा मी विकत घेत नाही. रात्री गच्चीवर काळा पडदा लावून धुपाचा धूर आणि फुलझडीच्या ठिणग्या शूट करून ठेवल्या आहेत. एडिटिंगमध्ये तो व्हिडिओ 'स्क्रीन' मोडवर टाकला की काळं नाहीसं होतं, धूर आणि ठिणग्या उरतात. रेडिमेड इफेक्टचं पॅक डाउनलोड करणाऱ्यांना हा एका रात्रीचा वेळ काढवत नाही, म्हणून दहा फिल्ममध्ये तोच एक स्फोट दिसतो.

हिरवा पडदा आणि हिरवा बेल्ट

दोन वर्षांपूर्वी एका टीमने सेमीफायनल ज्वालामुखीच्या काठावर दाखवायची ठरवली. नागपूरच्या इतवारी बाजारातून हिरवं कापड आणलं, गच्चीवर बांधलं, मे महिन्यातल्या सकाळी अकराच्या उन्हात शूट केलं. कापडाला चुण्या, आणि फायटर कापडापासून जेमतेम दोन फुटांवर. फुटेज माझ्याकडे आलं. क्रोमा काढला, म्हणजे कॉम्प्युटरवर हिरवा रंग पुसून मागे ज्वालामुखी बसवला, आणि एका फायटरच्या कमरेतून लाव्हा दिसायला लागला. पोरगा ग्रीन बेल्ट होता. आपला खरा बेल्ट अभिमानाने बांधून आला होता आणि शूटवर कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

शिवाय पांढरा कराटे ड्रेस म्हणजे आरसाच. कापडावरचा हिरवा उजेड बाह्यांवर, मानेवर चढला होता, त्यामुळे कडा कुरतडल्यासारख्या निघाल्या. सीन चाळीस सेकंदांचा, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने १००० फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये बेल्ट हाताने कापून परत बसवला. तीन रात्री गेल्या. त्या पोराचा बेल्ट पडद्यावर नीट दिसावा असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून केलं. दुसऱ्यांदा करणार नाही.

आता मी आधी सगळ्यांना बेल्ट बांधून एका रांगेत उभं करतो. हिरवा बेल्ट असेल तर निळं कापड. निळाही असेल तर क्रोमाचा नाद सोडायचा आणि सीन खऱ्या जागी घ्यायचा. कापडापासून आठ फुटांवर चुन्याची रेघ मारतो, फायटरने तिच्या मागे जायचं नाही. आणि कापडाला आदल्या रात्री इस्त्री.

फळी कोणती आणली?

हे कंटाळा न करता वाचा. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या अंगणात फळी फोडण्याचा शॉट होता. प्रॉडक्शनचा मुलगा ओळखीच्या फर्निचरवाल्याकडून प्लायवूडचा तुकडा घेऊन आला. पातळच तर आहे, असं सगळ्यांनी धरलं. हिरोने पूर्ण ताकदीने ठोसा मारला. प्लाय वाकलं, परत सरळ झालं, आणि हिरो मनगट धरून खाली बसला. हाड तडकलं होतं. महिनाभर प्लास्टर, फिल्म तिथेच थांबली.

साध्या फळीत लाकडाच्या रेषा एकाच दिशेने असतात, ती रेषेवर दुभंगते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, ते फुटू नये म्हणूनच. मी पॅकिंगच्या खोक्यांची पाइनची फळी घेतो, पाऊण इंच जाड, साधारण एक फूट बाय दहा इंच. दोन दिवस नागपूरच्या उन्हात वाळवतो. पकडणारे डाव्या-उजव्या कडांना, रेषा उभ्या. फळी फोडायची सवय नसलेला नट असेल तर मागच्या बाजूने आरीने रेषेच्याच दिशेने अर्ध्या जाडीपर्यंत खाच. कॅमेऱ्याला ती दिसत नाही. सागवान फुकट मिळालं तरी नको.

बाकीच्या चुका

ठोसा बाजूने शूट करू नका, मधली वीतभर फट दिसते. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवा आणि झूम करा, फट लेन्सच्या रेषेत लपते. ठोसा खरा वाटतो तो खाणाऱ्याच्या मानेमुळे. तालीम त्याची जास्त घ्या.

शाळेच्या हॉलमध्ये मोबाइलवर सेकंदाला १२० फ्रेमचा स्लो मोशन घेतला की चित्र लुकलुकतं. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. २५ फ्रेमला शटर १/५० सेकंद, स्लो मोशनला ५० फ्रेम आणि शटर १/१०० सेकंद. १२०च हवे असतील तर बाहेर उन्हात या.

मारामारी दीडपट वेगाने पळवू नका. हाँगकाँगवाले सेकंदाला २४ ऐवजी २२ फ्रेमवर शूट करायचे आणि २४ने दाखवायचे, म्हणजे वेग नऊ टक्क्यांनी वाढतो. तेवढा पुरे.

लाथ बसल्यावर धूळ उडवायला ड्रेसवर मुलतानी माती चोळा. मैदा कधीच नाही, सेटवर मशाली असतील तर हवेत उडालेला मैदा भडकतो.

रक्त म्हणून कुंकवाचं पाणी वापरता, ते पडद्यावर केशरी दिसतं आणि ओघळून जातं. बेकरीचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोज घ्या, त्यात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर. शॉट झाला की ड्रेस लगेच थंड पाण्यात टाका. गोड असतं, दुपारच्या जेवणापर्यंत मुंग्या लागतात.