पोरांची सिगारेट सोडवायची तर: सोलापुरातल्या मंडळांसाठी

सुरुवात शाळेच्या फाटकापासून करा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरपर्यंत, तंबाखू विकता येत नाही. १८ वर्षांखालच्याला तर कुठेच नाही. टेपने अंतर मोजा. टपरीवाल्याला आधी समजावा, मग तक्रार.

पोराशी बोलताना घरच्यांना शेजारी बसवू नका, ते खरं सांगणार नाही. दिवसाला किती, पहिली कधी, कोणाबरोबर, एवढंच विचारा. विड्या वळणाऱ्या घरात आईच्या कामाला नावं ठेवू नका. चूल त्यावर पेटते.

सोडायची तारीख दोन आठवड्यांच्या आत धरा, पण गड्ड्याच्या यात्रेत किंवा परीक्षेत नको. पहिले तीन दिवस जड जातात: चिडचिड, झोप उडणं. तलफ काही मिनिटांत ओसरते; तेवढा वेळ पाणी, बडीशेप, जिन्याच्या दोन फेऱ्या. सिगारेट सोडून मावा धरला तर निकोटिन सुटलंच नाही, इथे बरेच फसतात. निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारूनच. मोफत समुपदेशन: १८००-११-२३५६.

मध्येच एखादी ओढली तर ओरडू नका. कुठे, कोणाबरोबर ते वहीत लिहा आणि दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा बंद.