जुनं पेट्रोल इंजिन पुन्हा चालू करताना: आधी दोरीला हात लावू नका

वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडलेलं छोटं इंजिन बाहेर काढलं की पहिला हात चालू करायच्या दोरीकडे जातो. तो आवरा. आतल्या गंजावर पिस्टनच्या कोरड्या रिंगा जोरात घासल्या, तर नुसत्या साफसफाईने जे चालू झालं असतं त्याचं बोअरिंगचं, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यायचं, काम निघतं. इंजिन पंपाचं असो, जनरेटरचं असो की गवत कापायच्या यंत्राचं, मी आधी स्पार्क प्लग काढतो.

प्लगचं टोक बरंच काही सांगतं. फिकट तपकिरी असेल तर बंद पडताना इंजिन धडधाकट होतं. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त जात होतं किंवा एअर फिल्टर चोंदला होता. तेलकट, ओलं काळं असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल चढतंय. हे बघून झालं की प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि फ्लायव्हील (दोरीने फिरणारं जड चाक) हाताने सावकाश फिरवा.

फिरलंच नाही तर जबरदस्ती करू नका. निम्मं डिझेल, निम्मं ऑइल असं मिश्रण भोकातून ओता आणि दोन-तीन दिवस त्याला तसंच राहू द्या. मग अगदी थोडं पुढे, थोडं मागे असं हलवून बघा. कधी आठवडाही लागतो, लागू द्या. फ्लायव्हीलवर हातोडा चालवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ओतीव फ्लायव्हील तडकतं, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) वाकतो, आणि एक चांगलं इंजिन भंगारात जातं.

फोर-स्ट्रोक असेल तर जुनं ऑइल पूर्ण काढून एसएई 30 किंवा 10डब्ल्यू-30 दर्जाचं (डब्यावर लिहिलेलं असतं) भरा. इंजिन सपाट ठेवून खुणेपर्यंतच भरायचं, वर नाही. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. प्रमाण बरेचदा टाकीच्या झाकणावर असतं. 25:1 लिहिलं असेल तर लिटरला 40 मिली. वरचा पत्रा काढून सिलिंडरच्या पात्यांमधला कचरा आणि उंदरांची घरटी साफ करा, नाहीतर चालू झालेलं इंजिन तापून जाम होईल.

आता करंट. प्लग घासून त्याचं अंतर फिलर गेजने 0.7 ते 0.8 मिमी करा, वर टोपी बसवा, प्लगची चुडी (आटे) इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. प्लग भोकापासून लांब धरा, कारण आतून येणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. निळी, चटकन तुटणारी ठिणगी हवी. नसेल तर कॉइलपासून (ठिणगीचा करंट तयार करणारा भाग) बंद करायच्या स्विचकडे जाणारी बारीक वायर सोडवून पुन्हा बघा. इंजिन बंद करताना ती वायर कॉइलचा करंट बॉडीला देते. तिचं आवरण सोललं जाऊन ती बॉडीला टेकली असेल तर इंजिन कायमच बंद केलेलं आहे, मग कॉइल कितीही चांगली असो. तरीही ठिणगी नसेल तर कॉइलचे पाय आणि फ्लायव्हीलचे चुंबक बारीक पॉलिश पेपरने घासा. दोघांतलं अंतर साधारण 0.3 मिमी ठेवा. जुन्या इंजिनात फ्लायव्हीलखाली पॉइंट (ठिणगीच्या वेळी करंट तोडणारे संपर्क) असतात, तेही घासा. फ्लायव्हील काढलंच आहे तर चावी, म्हणजे त्याला दांड्यावर जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा, बघून घ्या. ती अर्धवट कापली गेली असेल तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि दोरी हाताला उलटा झटका देते.

यानंतर एक चाचणी, आणि ती कधीच टाळू नका. अर्धा चमचा ताजं पेट्रोल प्लगच्या भोकातून टाका, प्लग आवळा, दोरी ओढा. दोन-चार सेकंद फटफटून विझलं तर आनंद माना: करंट आहे, दाब आहे, दोष पेट्रोल पोचण्यात, बहुधा कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आहे. दोरी ओढताना काहीच विरोध लागला नाही तर फोर-स्ट्रोकमध्ये बहुधा वॉल्व्ह उघडा अडकलाय. त्याच्या दांडीवर गंज सुटायचं तेल सोडून हळूहळू फिरवत मोकळा करा.

बहुतेक वेळा गाडी कार्बोरेटरपाशीच येऊन थांबते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी सुरुवातीला दुसरं काही देतच नाही. पडून राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि लाखेसारखा थर मागे राहतो. इथेनॉलचं पेट्रोल असेल तर ओल धरून धातूवर पांढरी भुकटी बसते. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्यात ताजं मिसळून चालवू नका. रबरी नळी बदलाच.

कार्बोरेटर उतरवण्याआधी गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा) स्प्रिंगा आणि तारा कुठल्या भोकात आहेत त्याचा फोटो घ्या. तळाची वाटी खोला. फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा डबा) कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो फुटलाय. फ्लोटने पेट्रोलची वाट उघड-बंद करणाऱ्या नीडलच्या टोकाला गोल चरा पडला असेल तर नवी घाला, नाहीतर पेट्रोल वाहत राहील. मेन जेट (पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) उजेडाकडे धरा, स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. जेट काढल्यावर त्याच्या वर, बाजूला भोकं असलेली पितळी नळी असते. ती बरेच जण आतच विसरतात, आणि मग “साफ करूनही फरक नाही” म्हणतात. मंद वेगाचं पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक तर जेमतेम केसाएवढं. चोक (हवा कमी करणारी झडप) ओढल्यावरच इंजिन चालतं किंवा वेग सारखा वर-खाली होतो, याचं कारण बरेचदा अर्धवट चोंदलेला जेट असतो.

जेटमध्ये सुई किंवा स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की परत येत नाही. लवचिक वायरमधली तांब्याची एक तार पुरते. रबराचे भाग काढून बाकी सगळं कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, मग हवा मारा. डोळ्यांना चष्मा हवाच, एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवा. बसवताना पॅकिंग फाटकं वापरू नका.

पहिल्यांदा चालू करायचं ते उघड्यावरच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि बंद खोलीत ती जीव घेते. सुरुवातीला निळसर धूर येईल, ते आपणच सोडलेलं ऑइल जळतंय. काही मिनिटांत ओसरतो. वेग कमी वाटला म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणू नका. तासभर चालल्यावर ऑइल पुन्हा बदला, आतली घाण तेव्हाच सुटून येते.

ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटी रिकामी होते. मग दोरी जड लागेपर्यंत हळू ओढून सोडा. फोर-स्ट्रोकचे दोन्ही वॉल्व्ह तिथे मिटलेले असतात आणि ओल आत शिरत नाही.