आप्पांच्या ६४० रेकॉर्डींचं आम्ही काय केलं

आमच्या आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, मिरजेत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्न, मुंज, गणपती, उरूस, निवडणूक, काहीही असो, हातगाडीवर दोन कर्णे, एक अँप्लिफायर आणि रेकॉर्डींची ट्रंक टाकून आप्पा निघायचे. कॅसेट आल्यावर ट्रंका माळ्यावर गेल्या त्या तिथंच राहिल्या. गेल्या वर्षी आप्पा गेले, घर विकायचं ठरलं आणि पाच पत्र्याच्या ट्रंका खाली उतरवाव्या लागल्या. मोजदाद केली तर ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ३१०, छोट्या ४५च्या १८० आणि जास्त वेळ वाजणाऱ्या एल.पी. १५०. वजन शंभर किलोच्या पुढं.

दादा म्हणाला, देऊन टाकू. धाकटी म्हणाली, एकही द्यायची नाही. ती बंगळूरला असते आणि तिच्याकडे प्लेअर नाही. मधली मी, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. त्याला आठ महिने लागले. तुमच्याही घरात अशी ट्रंक उतरली असेल, तर माझ्या चुका तरी तुमच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हे लिहितेय.

पहिले पंधरा दिवस काहीही करू नका. विकू नका, पुसू नका, मुख्य म्हणजे लावलेला क्रम मोडू नका. दादानं पहिल्याच संध्याकाळी उत्साहात एक ट्रंक गायकांच्या नावानुसार लावायला घेतली होती. दहा-बारा रेकॉर्डी काढून झाल्यावर त्याला कव्हरांतून चिठ्ठ्या मिळायला लागल्या. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर आप्पांचं अक्षर: ‘पहाटे’, ‘वरात येताना’, ‘अक्षतांनंतर लगेच’, ‘पंगत दुसरी’. प्रत्येक लेबलवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकलेला. म्हणजे ट्रंका गायकांच्या नव्हत्या, प्रसंगांच्या होत्या. एक लग्नाची, एक गणपतीची, एक उरुसाची, एक जत्रेची आणि एक ‘मिक्स’. सनईची प्लेट (आप्पा ७८च्या रेकॉर्डला प्लेटच म्हणायचे) लग्नात पहिली, कारण आचारी चूल पेटवायच्या आधी मांडवात आवाज हवा. यातली गाणी आज बहुतेक कुठंतरी ऐकायला मिळतील. ती कोणत्या क्रमानं मिरजेच्या मांडवात वाजायची, हे मात्र या चिठ्ठ्यांखेरीज कुठंच लिहिलेलं नाही.

म्हणून आधी फोटो. ट्रंक उघडल्यावर वरून एक, मग एकेक रेकॉर्ड काढताना कव्हर, चिठ्ठी आणि दोन्ही बाजूंची लेबलं. तुमच्याकडे चिठ्ठ्या नसतील, पण कव्हरवर खरेदीची तारीख असेल, दुकानाचा शिक्का असेल, ‘सौ.स वाढदिवसानिमित्त’ असं काहीतरी असेल. तेही फोटोत येऊ द्या.

आता हलवण्याबद्दल. मिरजेहून पुण्याला टेम्पोनं आणताना एका खोक्यात मी प्लेटा आडव्या रचल्या, ताटांसारख्या. अकरा फुटल्या. रेकॉर्ड कायम उभी ठेवायची, पुस्तकासारखी, फार सैल नाही नि फार गच्च नाही. खोकं लहान घ्यायचं, शंभर एल.पी. म्हणजे वीस-पंचवीस किलो होतात, आणि मोठ्या खोक्याचा तळ जिन्यातच सुटतो. गाडीत उन्हात ठेवून जेवायला थांबायचं नाही. एल.पी. उन्हानं पापडासारखी वाकते आणि मग ती सरळ होत नाही.

प्लेट कुठली आणि एल.पी. कुठली, हे आधी नीट वेगळं करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ७८ची प्लेट बहुधा दहा इंची, जाड, हाताला जड, आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. ती लाखेची असते. एल.पी. बारा इंची, मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, एका बाजूला वीसेक मिनिटं. छोटी सात इंची, ४५ची. या दोन्ही प्लॅस्टिकच्या, म्हणजे व्हिनाइलच्या. प्लेट पडली की फुटते, व्हिनाइल पडलं की ओरखडते.

लाखेवरून माझी मोठी चूक सांगते. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले म्हणून मी कापसावर स्पिरिट घेऊन एक प्लेट पुसायला लागले. दुसऱ्याच फेऱ्याला कापूस काळा झाला. मळ निघतोय या आनंदात आणखी चोळलं. उजेडात धरली तर त्या पट्ट्यातली चमक गेलेली, बोटाला चिकट लागत होतं. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार काय करतो? चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो. मी तेच करत होते, फक्त गाण्यावर. माझ्या वडिलांच्या दुकानासमोरच पॉलिशवाल्याची वखार होती, लहानपणी तासन्‌तास तो वास घेतलाय, तरी डोक्यात आलं नाही.

तर प्लेटेला स्पिरिट, अल्कोहोल, सॅनिटायझर काही नाही. डिस्टिल्ड वॉटर, लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ कापड पिळून ओलसर, आणि रेघांच्या दिशेनं गोल फिरवत पुसायचं. आडवं कधीच नाही. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या कापडानं एकदा, मग कोरड्या कापडानं, आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून पंख्याखाली वाळवायची. प्लेट पाण्यात बुडवून ठेवायची नाही. एल.पी.लाही हीच पद्धत चालते. कव्हरांना बुरशी असेल तर कव्हरं सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, रेकॉर्डी घरात. आतली फाटकी पाकिटं बदलायची तर कोरा कागद वापरा. आप्पांनी वापरलेल्या वर्तमानपत्राची शाई काही लेबलांवर उलटी उमटलीय.

यादी करणं कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय गत्यंतर नाही. मी रोज रात्री दहा करायचे. रकाने इतकेच: ट्रंक, आप्पांचा नंबर, कंपनी, लेबलवरचा नंबर, गायक, पहिली ओळ, अवस्था, चिठ्ठी. लेबलवरचा नंबर सोडू नका. संग्राहक नावाआधी तोच विचारतात. अवस्था बघायला टॉर्च तिरका धरायचा. रेघा काळ्या चकचकीत दिसल्या तर छान, करड्या दिसल्या तर घासलेली. आमच्या बहुतेक करड्या. पोलादी पिनीनं वर्षानुवर्षं मांडवात वाजलेल्या रेकॉर्डी त्या, दुसरं काय होणार! ज्यांच्या वडिलांनी दिवाणखान्यात बसून ऐकल्या असतील, त्यांचं नशीब थोर.

ऐकायचं कशावर? दादानं चावीचा ग्रामोफोन काढला आणि हौसेनं त्यावर एल.पी. ठेवायला निघाला. मी अक्षरशः हात धरला. त्या ग्रामोफोनचा डोक्याचा भाग आणि पोलादी पिन मिळून जो भार टाकतात, त्यानं एल.पी.च्या बारीक रेघा एका वाजवण्यात खरवडून निघतात. उलटंही खरं: एल.पी.ची सुई प्लेटेच्या रुंद रेघेत तळाशी खरखरत बसते. एल.पी.च्या सुईचं टोक साधारण २५ मायक्रॉनचं, प्लेटेच्या सुईचं ७५च्या आसपास. साठ-सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ प्लेअरना सुईपाशी एक छोटी कळ असते, ती फिरवली की दुसरी सुई खाली येते. तुमच्या घरच्या प्लेअरला आहे का बघा. बॅगेसारखे दिसणारे हल्लीचे स्वस्त प्लेअर जरा जड हाताचे असतात. एकदा ऐकून खात्री करायला ठीक, रोज नको.

डिजिटल करून ठेवू, हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडे धाकटीनं म्हटलं. तिला मी हिशेब पाठवला. ३१० प्लेटा, दोन बाजू, तीन मिनिटं, म्हणजे नुसतं वाजवायला ३१ तास. पुसणं, सुई ठेवणं, फाइलला नाव देणं धरून तिप्पट. मग आम्ही ठरवलं की जे नेटवर आधीच चांगल्या आवाजात आहे ते करायचं नाही. उरल्या ४३ बाजू. त्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केल्या, ते फुकट मिळतं. मूळ फाइल वेव्ह प्रकारात, म्हणजे आवाज न दाबता, ठेवा. खरखर काढायची ती तिच्या प्रतीवर, आणि जरा जपून. मी पहिल्या गाण्यातली खरखर इतकी काढली की गायिका पाण्याखालून गातेय असं वाटायला लागलं.

नेटवर चढवायचं असेल तर कायदा बघा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पण ध्वनिमुद्रण मोकळं झालं तरी गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. घरच्यांना ऐकायला ठेवणं वेगळं आणि चॅनेल काढणं वेगळं.

आता पैसे. याबद्दल सगळ्यांना भलत्या अपेक्षा असतात, मलाही होत्या. जुनी म्हणजे महाग, हे खोटं आहे. प्लेटा सर्वांत जुन्या, पण त्या वाजवणारे थोडे, म्हणून भाव कमी. लोकप्रिय सिनेमांच्या एल.पी. इतक्या खपल्या की त्या मुबलक आहेत. भाव येतो तो तेव्हा न खपलेल्या, पण आज कुणाला तरी हव्या असलेल्या गोष्टींना. १९८२ साली चरणजित सिंग यांनी सिंथेसायझरवर राग वाजवून काढलेली एल.पी. तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. पुढं परदेशातल्या लोकांना ती सापडली आणि तिच्यामागं रांग लागली. आमच्या ट्रंकेत ती नव्हती. मिरजेच्या लग्नात ती कोण लावणार?

डिस्कॉग्ज या साइटवर आधी झालेल्या विक्रीचे भाव दिसतात. मागितलेले नव्हे, मिळालेले बघा, आणि ते आपल्यासारख्या घासलेल्या रेकॉर्डचे आहेत का तेही बघा. एक व्यापारी घरी आला, यादी न बघता सगळ्याचे बारा हजार म्हणाला. नको म्हटल्यावर म्हणाला, बरं, मग मी वीस-बावीस निवडून घेतो, पाच देतो. इथं सावध. चांगल्या वीस गेल्या की उरलेल्यांना कुणी हात लावत नाही. मी यादी तीन जणांना पाठवली आणि अट घातली की एका चांगल्या रेकॉर्डबरोबर चार साध्या घ्यायच्या. अशा ५८ एल.पी. आणि ९० छोट्या गेल्या, मिळून एकतीस हजार आले. भावंडांत वाटून प्रत्येकी दहा. आठ महिन्यांच्या कामाचे. त्यामुळे पैशासाठी कुणी यात पडू नये.

प्लेटांचं वेगळं. त्यात काही यंग इंडियाच्या निघाल्या. मुंबईची ही देशी कंपनी मोठ्या कंपन्यांनी न विचारलेल्या गायकांनाही संधी द्यायची. काही नाट्यपदांच्या, दोन पोवाड्यांच्या, आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर आमच्या मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि तिथं दरवर्षी संगीतसभा भरते. त्या सभेला कर्णे बांधायला आप्पा जायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. या प्लेटांसाठी व्यापारी शोधू नका, जाणकार शोधा. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० पासून आहे. सिनेमाशी संबंधित काही असेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. कुणालाही ट्रंक घेऊन थेट दारात जाऊ नका. आधी यादी आणि लेबलांचे फोटो पाठवा, काय हवंय ते त्यांना ठरवू द्या, आणि देताना लेखी पोच घ्या. ती पोच घरात भांडण झालं की कामाला येते.

आम्ही नाट्यपदं, पोवाडे आणि यंग इंडिया मिळून ६४ प्लेटा एका जाणकार संग्राहकाकडे दिल्या, चिठ्ठ्यांच्या फोटोंसकट. त्यांना रेकॉर्डींपेक्षा चिठ्ठ्यांचंच जास्त अप्रूप वाटलं. खाँसाहेबांच्या तीन दादाकडे, कारण मिरज सोडून न गेलेला तोच एकटा. नातेवाइकांना वाटताना मी प्रत्येकाला एकच दिली आणि कुठल्या लग्नात वाजली असेल ते चिठ्ठीवरून शोधून सांगितलं. तसं न करता ‘हव्या त्या घ्या’ म्हटलं असतं, तर आत्या कव्हरावरचे फोटो बघून तीस घेऊन गेली असती.

उरलेल्या, फुटक्या आणि पार झिजलेल्यांचं काय? भंगारवाल्याला प्लेट नकोच असते. व्हिनाइल जाळू नका, पीव्हीसी आहे ते. जळताना आम्लाचा धूर निघतो आणि छाती भरते. गरम पाण्यात वाकवून वाटी करायची किंवा घड्याळ करायचं, हे मला आवडत नाही, पण जी वाजूच शकत नाही तिचं घड्याळ झालं तर माझं भांडण नाही. शेजारच्या चित्रकलेच्या बाईंनी चाळीस नेल्या.

लग्नाची ट्रंक मात्र पूर्ण ठेवलीय, ७१ रेकॉर्डी, आप्पांच्या क्रमानं, माझ्या पलंगाखाली. घासलेल्या आहेत, तीन ठिकाणी सुई अडकते. दादाच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि तिला पहाटेपासून पंगत दुसरीपर्यंत सगळं आजोबांच्या चिठ्ठीबरहुकूम हवंय. प्लेअरचा बेल्ट बदलायला टाकलाय. कारागीर पंधरा दिवस म्हणाला होता, आज एकविसावा.